दोन बिऱ्हाडांमधली खोली

राज्यें बदलतात तेव्हां इतिहासकार लेखणी सरसावून बसतो; बिऱ्हाडें बदलतात तेव्हां त्याची नोंद फार तर भाड्याच्या वहींत होते. एक कुटुंब सामानसुमान बांधून निघून जातें, दुसरें आपला पाटा-वरवंटा घेऊन येतें, आणि मधले चार दिवस खोली रिकामी असते. या चार दिवसांत कोणती लढाई होत नाहीं कीं कोणता तह होत नाहीं. तथापि शहरांतील घरांचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यानें या चार दिवसांकडेच आधीं पाहावें, असें आम्ही सुचविणार आहों. खोली भरलेली असते तोंवर मालक आणि भाडेकरी यांचे हक्क ठरलेले असतात. ती रिकामी झाली कीं सारें पुन्हा मोकळें होतें. तिचें भाडें काय असावें, तिची डागडुजी कोणी करावी, आणि तींत पुढें कोणी यावें, या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें त्याच अवधींत दिलीं जातात. तीं देण्याचा अधिकार कोणाच्या हातीं आहे हें पाहिलें म्हणजे त्या काळीं शहराच्या घरांवर खरी सत्ता कोणाची होती हें कळून येतें. मुंबई शहराचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

प्रथम जुनी रीत पाहूं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गिरण्यांच्या भोंग्याबरोबर मुंबईच्या चाळी वाढल्या. चाळीचा मालक बहुधा तेथें राहत नसे. भाडें वसूल करणारा त्याचा गुमास्ता हाच बिऱ्हाडकरूंचा राजा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याप्रमाणें महिनेवारी भाड्यानें राहणाऱ्यास पंधरा दिवसांची नोटीस दिली कीं काम भागे. बिऱ्हाड उठलें कीं किल्ली गुमास्त्याकडे जाई. मालक नेकीचा असला तर भिंतींवरून चुन्याचा हात फिरे, जमीन उकरून नीट होई, पावसाळा जवळ आला असला तर छपराची शाकारणी होई. मालक कवडीचुंबक असला तर पहिल्या बिऱ्हाडाच्या चुलीची काजळी तशीच दुसऱ्याच्या वांट्यास येई. भाडें वाढविण्याची सोयीची वेळ मात्र दोघांनाहि हीच. राहत्या कुटुंबाचें भाडें वाढवावयाचें म्हणजे वाद, विनवण्या आणि शेजाऱ्यांची मध्यस्थी. नव्या माणसास जुनें भाडें ठाऊकच नसे. खोली रिकामी असण्याचे ते चार दिवस सर्वस्वी मालकाचे होते.

या एकछत्री अधिकारांत पहिला हात घातला तो प्लेगनें. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं या रोगाचा रोगी ओळखला, आणि पुढल्याच वर्षीं साथीच्या रोगांचा कायदा होऊन सरकारी अधिकारी लोकांच्या माजघरापर्यंत पोंचले. रोगाची खोली रिकामी करावी, तींत जंतुनाशक औषधें शिंपावीं, भिंतींस चुना द्यावा, ऊन आंत यावें म्हणून छपराचीं कौलें काढावीं, असा क्रम सुरू झाला. ज्या घरांत पुन्हा माणसानें राहूंच नये असें ठरे, त्यांच्या भिंतीवर यू. एच. एच. हीं तीन इंग्रजी अक्षरें रंगविलीं जात. 'मनुष्यवस्तीस अयोग्य' या अर्थाच्या शब्दांचीं तीं आद्याक्षरें होत. या धामधुमींत लोकांनीं सोसलेला जाच सर्वश्रुत आहे. आमच्या विषयापुरतें सांगावयाचें तें इतकेंच, कीं रिकामी झालेली खोली पुन्हा केव्हां भरावी हें ठरविणारा मालकाखेरीज दुसरा कोणी असूं शकतो, हा धडा मुंबईनें प्रथम या वेळीं घेतला. १८९८ सालीं स्थापन झालेला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट हें त्याच धड्याचें फळ होय.

पुढें पहिल्या महायुद्धानें सारा क्रमच पालटला. गिरण्यांस काम भरपूर, शहराकडे लोटणारे लोक पुष्कळ, आणि बांधकामाचें सामान महाग व दुर्मिळ, अशी अवस्था झाली. प्लेगच्या तडाख्यानें १९०१ सालीं ७,७६,००६ पर्यंत उतरलेली मुंबईची लोकसंख्या १९२१ सालीं ११,७५,९१४ झाली. माणसें वाढलीं त्या मानानें खोल्या वाढल्या नाहींत. विलायतेंतहि असाच प्रसंग ओढवला होता. १९१५ सालीं ग्लासगो शहरांतील कामकरी बायकांनीं वाढीव भाडें देण्याचें साफ नाकारलें, आणि त्यांच्या चळवळीचा असा परिणाम झाला कीं वर्ष संपण्यापूर्वीं पार्लमेंटनें भाडीं थोपवून धरणारा कायदा केला. मुंबईचा १९१८ चा भाडेनियंत्रणाचा कायदा त्याच्याच घराण्यांतला. 'युद्धकालीन निर्बंध' हे शब्दसुद्धां त्याच्या नांवांत विलायती कायद्यावरूनच आले. १ जानेवारी १९१६ रोजीं खोलीचें जें भाडें होतें तें प्रमाण मानावें, असें या कायद्यानें ठरविलें. युद्धकाळांतील लोभी मालकांपासून गोरगरिबांचें रक्षण करण्यास असा कांहीं उपाय अवश्य होता, यांत शंका नाहीं.

पण येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. पुढील सर्व इतिहास त्यांतूनच निघाला आहे. कायद्यानें रक्षण करावयाचें तें कोणाचें, खोलींत राहणाऱ्या माणसाचें कीं खोलीच्या भाड्याचें? इंग्लंडनें १९२३ सालीं या प्रश्नाचें एक स्पष्ट उत्तर दिलें. भाडेकरी राहत आहे तोंपर्यंत त्याचें रक्षण करावें. घर रिकामें होऊन मालकाच्या ताब्यांत परत आलें कीं त्यावरील नियंत्रण सुटावें. मुंबईंत मात्र प्रमाण भाडें माणसास न चिकटतां जागेस चिकटलें. जुना भाडेकरी गेला, नवा आला, तरी भाडें तेंच. म्हणजे विलायतेंत संरक्षण माणसास मिळालें, मुंबईंत तें भिंतींस मिळालें.

याचा परिणाम काय झाला असावा, हें थोड्या हिशेबानें कळेल. समजा, एका खोलीचें कायदेशीर भाडें दहा रुपये आहे, आणि अशी खोली मिळविण्यास लोक महिना पंचवीस रुपये खुशीनें देण्यास तयार आहेत. मधले पंधरा रुपये कायद्यानें पुसले जात नाहींत. ते फक्त पावतींतून नाहींसे होतात. महिना पंधरा म्हणजे वर्षास एकशें ऐंशी. हा लाभ पुढें दहा-वीस वर्षें मिळावयाचा असेल, तर त्याची रोख किंमत हजारांवर जाते. ही किंमत कोणाला तरी मिळणारच. आणि ती मागण्याची वेळ एकच, खोली हातोहात बदलण्याची. मालक ती मागे, किंवा निघून जाणारा भाडेकरी मागे, किंवा दोघे मिळून वांटून घेत. हीच ती पागडी. कलकत्त्यास तिला सलामी म्हणत. शब्द दोन्हीकडे मानाचे, व्यवहार दोन्हीकडे काळोखांतला.

केवळ कायद्यामुळेंच पागडी जन्मास येते, असें मात्र कोणी समजूं नये. त्यास टंचाईची जोड लागते. याचें उत्तम प्रत्यंतर वरळीस मिळालें. १९२० सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकीर्दींत सरकारनें खास विकास खातें काढून वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें दोनशेंहून अधिक चाळी बांधल्या. त्यांत सोळा हजारांवर खोल्या होत्या. परंतु वरळी त्या काळीं आडबाजूस. गिरण्या दूर, बाजार दूर. त्यामुळें तेथील पुष्कळ खोल्या वर्षानुवर्षें ओस पडल्या. १९३० च्या सत्याग्रहांत सरकारनें त्या चाळींतच तात्पुरता तुरुंग केला. ज्यांस भाडेकरी मिळेना, त्या खोल्यांस कैदी मिळाले! खोल्या ओस पडल्या कीं पागडी मागण्यास जागाच उरत नाहीं. १९१८ च्या कायद्याची मुदतहि याच दशकाच्या अखेरीस संपूं दिली गेली, आणि त्यामुळें शहरावर आकाश कोसळलें नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानें टंचाई परत आणली, आणि तिच्यामागोमाग कायदाहि आला. १९३९ व १९४४ च्या कायद्यांनंतर १९४७ चा सुप्रसिद्ध भाडेनियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजींचें भाडें हें यांतील प्रमाण. मूळ मुदत ३१ मार्च १९५० पर्यंतची. प्रत्यक्षांत ती पुनःपुन्हा वाढवून कायदा अर्धशतकाहून अधिक काळ चालला. या वेळीं कायदेकारांस पागडीची पुरती ओळख झालेली होती. अठराव्या कलमानें मालकास पागडी घेण्याची बंदी केली, एकोणिसाव्या कलमानें तीच बंदी निघून जाणाऱ्या भाडेकऱ्यास केली, आणि दोघांसहि शिक्षा सांगितली. पंधराव्या कलमानें पोटभाडेकरी ठेवण्यास मनाई केली. दरवाजे सर्व बंद झाले, असें कागदावर दिसे. परंतु घेणारा, देणारा आणि संमति देणारा या तिघांचेंहि हित जेथें गप्प बसण्यांत आहे, तेथें फिर्याद करावी कोणी?

मग सरकारनें रिकाम्या खोलीवर आपलाच हक्क सांगितला. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे मुंबईंत येत होते. सरकारी नोकरांसहि जागा हव्या होत्या. १९४८ च्या जागा-अधिग्रहणाच्या कायद्यानें असें ठरविलें कीं, जागा रिकामी होतांच मालकानें ती खबर सरकारास दिली पाहिजे, आणि परवानगीवांचून ती दुसऱ्यास भाड्यानें देतां कामा नये. सरकारला हवी असेल तर ती जागा सरकार घेईल व आपल्या माणसास देईल. पूर्वीं जो अवधि मालकाचा होता, तो आतां सरकारी कचेरीचा झाला. 'रिकामी' या साध्या शब्दाचा अर्थ काय, याचा खल न्यायालयांत होऊं लागला. १९५७ सालीं एका भाडेकऱ्याच्या विधवेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें हा कायदा वैध ठरविला, आणि जागा रिकामी झाली होती हें सरकारनें चौकशीअंतीं एकदां जाहीर केलें कीं तें निर्णायक मानावें, असा निवाडा दिला. घरांत चूल पेटत असेल, पोरें खेळत असतील. तरी कायद्याच्या दृष्टीनें तें घर रिकामें असूं शकत होतें.

या सर्वांचा लोकांनीं घेतलेला बोध एकच होता. खोली कधीं रिकामी दिसूंच द्यावयाची नाहीं. बदलीवर जाणारा गृहस्थ भाच्यास बोलावून खोलींत बसवी. गांवीं परतणारा म्हातारा गिरणीकामगार पावती आपल्याच नांवें ठेवून दुसऱ्या कुटुंबास आंत घेई. हीं चोरटीं बिऱ्हाडें इतकीं वाढलीं कीं कायद्यासच त्यांच्यापुढें मान तुकवावी लागली. १९५९ सालीं तोंवरच्या पोटभाडेकऱ्यांस मान्यता मिळाली. १ फेब्रुवारी १९७३ रोजीं जे केवळ परवान्यानें, म्हणजे लायसन्सनें, राहत होते तेहि भाडेकरी ठरले. यांत त्या कुटुंबांस न्याय मिळाला हें खरें. पण आज उसन्या दिलेल्या घरावर उद्यां दुसऱ्याचा कायमचा हक्क बसतो, ही धास्तीहि त्याच दिवशीं घरमालकांच्या मनांत कायमची घर करून बसली. सरकारहि या मोहांतून सुटलें नव्हतें. १९५१ सालीं तात्पुरती म्हणून घेतलेली एक जागा तीस वर्षें उलटलीं तरी सरकारनें सोडली नव्हती. अधिग्रहण हें मुळांत तात्पुरतें असतें, तें अमर्याद चालूं शकत नाहीं, असें १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयास सांगावें लागलें, आणि दहा वर्षांनीं तेंच पुन्हा बजावावें लागलें.

आतां या न बदलणाऱ्या बिऱ्हाडांचा खुद्द घरांवर काय परिणाम झाला तें पाहूं. भरल्या घरांत तुळई बदलतां येत नाहीं, जिना उतरवितां येत नाहीं, मोरीखालची कुजलेली जमीन उकरतां येत नाहीं. दोन बिऱ्हाडांमधले चार दिवस हे घराचे विश्रांतीचे आणि औषधपाण्याचे दिवस होत, ते गेले. त्यांतून १९४० चें भाडें घेणाऱ्या मालकास दुरुस्तीची ऐपत नसे, इच्छा त्याहूनहि नसे. आणि ज्यानें पागडी मोजली होती, तो म्हणे कीं छप्पर मालकाचें, तें त्यानेंच पाहावें. खोलीची रोख किंमत दर हस्तांतरास वाढत होती, पण त्यांतला रुपयाहि वाशांकडे वळत नव्हता. शेवटीं १९६९ सालीं इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापून, इमारतींवर उपकर बसवून, सरकारासच दुरुस्तीचें काम अंगावर घ्यावें लागलें. अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ भरली. पैकीं १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वींच्या होत्या. वाचकांस ही तारीख ओळखीची वाटेल. ज्या दिवसाचें भाडें कायद्यानें धरून ठेवलें, त्याच दिवसानें मोडकळीस आलेल्या घरांची पहिली यादी आंखून दिली. ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं भेंडीबाजारांतील हुसैनी इमारत कोसळून तीसांहून अधिक माणसें दगावलीं, ती अशीच शंभर वर्षें उलटलेली वास्तु होती.

येथें कोणी म्हणेल, मग इंग्लंडचा मार्ग बरा. खोली रिकामी झाली कीं नियंत्रण सुटावें. आम्हांस हेंहि उत्तर पुरें वाटत नाहीं. १९५७ सालीं इंग्लंडनें तो मार्ग पुन्हा धरला. तेव्हां लंडनच्या नॉटिंग हिल भागांत रॅकमन नांवाच्या घरमालकानें जुन्या भाडेकऱ्यांस दांडगाईनें व उपद्रवानें हुसकावण्याचे असे प्रकार केले, कीं त्याचें नांव इंग्रजी कोशांत दुर्गुणवाचक शब्द होऊन बसलें, आणि १९६५ सालीं पार्लमेंटला भाडेकऱ्यांचें संरक्षण पुन्हा उभारावें लागलें. खोली रिकामी होण्यांत मालकाचा मोठा लाभ असला, कीं ती रिकामी करविण्याचा मोह त्यास आवरत नाहीं. आणि रिकामी होण्यांत त्याचा कांहींच लाभ नसला, तर तिची निगा राखण्याचें कारण त्यास उरत नाहीं. या दोन टोकांमधली वाट काढणें हेंच खरें कायदेकारांचें काम होतें, आणि मुंबईंत तें पन्नास वर्षें टाळलें गेलें.

१९९७ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें असें म्हटलें, कीं १९४० चें भाडें असें धरून ठेवणें आतां अवाजवी व मनमानीचें झालें आहे. मात्र कायद्याची मुदत संपत आली असल्यामुळें तीं कलमें रद्द करण्याचें त्यानें टाळलें. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा होऊन तो ३१ मार्च २००० पासून अमलांत आला. त्यांत भाडें दरसाल शेंकडा चार वाढविण्याची मुभा मिळाली, आणि छप्पन्नाव्या कलमानें पागडी कायदेशीर ठरली. जुन्या चाळींत खोली हस्तांतरित होतांना किमतीचा साधारणतः तिसरा हिस्सा मालक घेतो आणि पावती नव्या नांवानें फाडून देतो, ही रूढि या कलमाच्या आधारें उजळ माथ्यानें चालते. पन्नास वर्षें ज्याला गुन्हा म्हटलें त्याला एका कलमानें व्यवहार म्हटलें. अंधारांतली गोष्ट उजेडांत आली हें बरेंच झालें. पण तिसरा हिस्सा घेणाऱ्यानें त्यांतून इमारतीची दुरुस्ती करावी, अशी अट त्या कलमांत नाहीं, ही उणीव आम्हांस मोठी वाटते.

नव्या घरांत मात्र लंबक दुसऱ्या टोकास गेला आहे. तेथें चालतो तो अकरा महिन्यांचा लायसन्सचा करार. वर्षाच्या आंतील भाडेपट्ट्यास १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें नोंदणी सक्तीची नव्हती, म्हणून अकरा महिन्यांची वहिवाट पडली; १९९९ च्या कायद्यानें नोंदणी आवश्यक केली तरी अकराचा आंकडा पुष्कळ ठिकाणीं राहिलाच. चाळींत तीन पिढ्यांत खोली रिकामी होत नाहीं, आणि येथें दर वर्षीं बिऱ्हाड पाठीवर! त्या जोडीला तिसरा चमत्कार पाहावा. २०११ च्या जनगणनेंत मुंबईंत सुमारें ४ लक्ष ८० हजार घरें रिकामीं आढळलीं. तीं रिकामीं असण्याचीं कारणें अनेक असतील; पण एकदां आंत आलेला बाहेर पडणार नाहीं, ही १९७३ सालापासूनची धास्ती त्यांत नाहीं असें कोण म्हणेल?

या सर्व इतिहासांत ज्याचें नांव कोणत्याहि कलमांत येत नाहीं असा एक मनुष्य आहे. तो म्हणजे वळकटी खांकेस मारून, खोलीच्या शोधांत, जिन्याखालीं उभा असलेला नवा मनुष्य. मालकाची बाजू मांडणारे होते, भाडेकऱ्याची मांडणारे होते, सरकार तर स्वतःच पक्षकार होतें. बाहेर उभ्या असलेल्याची बाजू कोणी मांडली नाहीं. खोली रिकामी होण्याच्या क्षणीं खरा संबंध त्याचाच. आणि पागडीची रक्कम मोजली ती त्यानेंच. आंत असलेल्यांस दिलेल्या संरक्षणाचा खर्च बाहेर असलेल्यांकडून वसूल झाला, हें या शतकाचें सार आहे.

म्हणून आमचा अभिप्राय असा. राहत्या कुटुंबास कायद्याचें छत्र असावें, आणि तें भक्कम असावें. परंतु बिऱ्हाड आपखुषीनें उठल्यावर भाडें नव्यानें ठरविण्याची मोकळीक मालकास असावी. ती उघड नियमानें असावी. आणि आधीं घर दुरुस्त करून दाखविल्यावांचून ती मिळूं नये. चुना आणि शाकारणी हीं नव्या भाड्याचीं पहिली पावती ठरावीं. जुन्या काळचा नेक मालक हें कोणी न सांगतां करीत असे. सगळे मालक तसे नव्हते, म्हणून कायदा आला. आणि कायदा आला तेव्हां तो त्या चांगल्या मालकाचीहि रीत विसरला.